वाटीतला बर्फ

वाघमारेकाकांच्या घरी पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. बर्फ देतात.

तुम्ही बेल वाजवायची, चपला काढायच्या, सोफ्यावर टेकायचं. काका आत जाणार आणि स्टीलची वाटी घेऊन येणार. वाटीत चमचा आणि बर्फाचा एकच खडा. "घ्या. चघळायचा. चावायचा न्हाई. चावला की संपला." एवढं सांगून समोरच्या खुर्चीत बसणार आणि तुम्ही चावताय की चघळताय हे बघत राहणार. माणसानं तोंड हलवावं तरी कसं?

मी पहिल्यांदा गेले तो मे महिना होता. आमच्या थेरगावच्या सोसायटीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. डांगे चौकातून भाजीच्या दोन पिशव्या ओढत आणलेल्या, चौथ्या मजल्यावर आमचं घर, आणि तिसऱ्यावरच दम संपला. नुकतेच राहायला आलेले वाघमारे दारातच उभे होते, "या बाई, टेका जरा" म्हणाले. घशाला कोरड पडलेली, आणि समोर ही वाटी. मी म्हटलं, "काका, पाणी?"

"त्यातच हाय पाणी," ते शांतपणे म्हणाले. "जरा वाट बघा."

मला असा राग आला म्हणता. मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. बर्फाचं पाणी होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

काका चिंचवडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते. तिथूनच रिटायर झाले. उंच, काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा कंपनीचा लांब बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. माणसं हॉलमध्ये शोकेस ठेवतात. ह्यांनी हॉलमध्ये फ्रीज ठेवला होता, आणि स्वयंपाकघरात दुसरा. हॉलमधल्या फ्रीजात दूध नाही, भाजी नाही, कोथिंबिरीची काडी नाही. नुसता बर्फ. त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, "भट्टीसमोर आयुष्य काढलं. आता जरा हिकडच्या बाजूला बसतो."

कंपनीत म्हणे उन्हाळ्यात बर्फाची लादी यायची. ती टोच्यानं फोडून पाण्याच्या पिंपात टाकायचं काम काकांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. तेव्हापासून बर्फावर त्यांची मतं पक्की. लादीचा बर्फ कष्टाळू. गोळ्याचा बर्फ नाटकी, रंग उतरला की त्यात काही न्हाई. हॉटेलातला नळीसारखा बर्फ आतून पोकळ, त्याच्यावर विश्वास ठेवायचा न्हाई. गारा आगाऊ, न बोलवता येतात. आणि ट्रेमधला बर्फ घरचा माणूस. मी एकदा त्यांना हिमनदी समजावून सांगायला गेले. डोंगरावरून बर्फ सरकत कसा खाली येतो, दऱ्या कशा कोरतो, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे वाया जातो सगळा."

कुणाला काहीही झालं की काका बर्फ घेऊन हजर. वॉचमनचा पाय मुरगळला, बर्फ. तळमजल्यावरच्या पोरीच्या केसांत च्युइंगम अडकलं, तिची आई कात्री घेऊन बसलेली, काकांनी बर्फ लावून ते कडक केलं आणि उपटलं. पोरगी किंचाळली, पण केस राहिले. माझ्या रस्स्यावर तेलाचा तवंग आला तर फडक्यात बर्फ बांधून वरून फिरवून गेले. तेल गेलं. चवही गेली. लिफ्टची मोटर तापली असं कळल्यावर तिच्या पेटीवर बर्फाची पिशवी ठेवली, आणि मग लिफ्ट जी बंद पडली ती आठवडाभर. त्यावर काकांचं म्हणणं एवढंच की मोटरला थोडी विश्रांती मिळाली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर कहरच झाला. पार्किंगवरून वाद. आमच्या ह्यांचा आवाज चढला. हे बँकेतून रिटायर झालेले, पण आवाज अजून रिटायर झालेला नाही. काका उठून गेले. वाटलं, कंटाळले बिचारे. थोड्या वेळानं ओल्या पंच्यात बर्फ बांधून परत आले आणि सगळ्यांदेखत तो ह्यांच्या टाळूवर ठेवला. "साहेब, आधी डोकं. मग मुद्दा." कपाळावरून पाणी ओघळत असताना पार्किंगचा मुद्दा मांडणं जमत नाही. मीटिंग पाच मिनिटांत संपली. मी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

तर असे हे काका. पण पाहुण्याला पाणी का देत नाहीत, ह्याचा काही उलगडा होईना. कुणी म्हणालं कंजूष. पण कंजूष माणूस दोन फ्रीज चालवेल का? कुणी म्हणालं भ्रमिष्ट. त्यात वॉचमननं आणखी एक बातमी आणली. काका दिवसातून चार-पाचदा पार्किंगमध्ये येतात, खांबाच्या मागं जातात आणि बाटली तोंडाला लावतात. झालं. सोसायटीनं काय ते समजून घेतलं. "वाटत नाही हो त्यांच्याकडे बघून," असं म्हणत सगळ्या बायका सगळ्यांना सांगत सुटल्या. मीही दोघी-तिघींना सांगितलंच.

आमच्या ह्यांनी मात्र वेगळाच शोध लावला. हे विचारांनी पुढारलेले आहेत, आणि ते पुढारलेले आहेत हे सगळ्यांना कळावं असा त्यांचा आग्रह असतो. एके दिवशी जेवताना घास हातात तसाच धरून म्हणाले, "अगं, माझ्या आत्ता लक्षात आलं. ते पाणी विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण त्यांच्या हातचं पाणी पिणार नाही. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे त्यांच्या समाजाचा. आपण नाही म्हणू, अपमान होईल, म्हणून तो माणूस आधीच बर्फ पुढे करतो. किती खोल जखम आहे ही."

मी म्हटलं, "अहो, ते सगळ्यांनाच बर्फ देतात. परवा त्यांचा सख्खा चुलतभाऊ आला होता चिखलीहून, त्यालाही वाटीच दिली."

पण ह्यांचा एकदा गहिवर दाटून आला की कान बंद होतात. "आपणच पुढे व्हायला हवं," म्हणाले आणि हात धुऊन शर्ट बदलून आले.

आम्ही खाली गेलो. काकांनी वाटी आणली. ह्यांनी ती हातानं बाजूला सारली. "आज बर्फ नको, काका. आज मी तुमच्याकडचं पाणी पिणार. पेला भरून."

"पाणी कशाला, साहेब. बर्फ घ्या की."

"नाही. पाणीच. मी काही मानत नाही, काका. मुळीच मानत नाही."

हे काय मानत नाहीत ते काकांना कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी फ्रीजकडे बघायला लागले. काकांनी एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, ते अलगद लोटलं, बाल्कनीत गेले आणि पेला भरून घेऊन आले. हे उभे राहिले. झेंडावंदनाला राहतात तसे. पेला वर धरला आणि एका दमात, घटाघटा आवाज करत, सगळा रिकामा केला. "आहाहा. अमृत."

"कसं लागलं?"

आवाज बाईचा होता. लोटलेलं दार उघडलं होतं आणि कमलकाकू चौकट धरून उभ्या होत्या. काकूंना आम्ही फारसं पाहिलेलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा सकाळी रिक्षानं कुठे तरी जायच्या, एवढंच माहीत. चेहरा सुजलेला, ओठ कोरडेठाक. त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, गळ्याकडे बघत होत्या.

हे खुलले. "गोड, काकू. एकदम गोड."

"गार होतं?"

"गारेगार."

"मग अजून एक प्या की साहेब," काकू म्हणाल्या. "प्या. मी बघते."

काकांनी ह्यांच्या हातातून पेला काढून घेतला. आमच्याबरोबर जिन्यापर्यंत आले आणि मागं दार ओढून घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "किडन्या गेल्यात तिच्या. मशीनवर हाय. प्यायलेलं पाणी अंगातून बाहेर जात न्हाई, साहेब. छातीत चढतं. दिवसभराचं मिळून एक बारकी बाटली, बास. त्यातच चहा, त्यातच आमटी. पाणी घटकन संपतं. खडा जरा पुरतो. म्हणून बर्फ. आता तिच्यासमोर दुसऱ्यानं कसं प्यायचं? मी खाली पार्किंगला जाऊन पितो."

मग सगळं कळलं. बाल्कनीत फिल्टरवर जुनी चादर का टाकलेली असते, घरात एकही पेला दिसेल असा का ठेवलेला नसतो, नळ जरासा ठिबकला तरी काका पान्हा घेऊन का धावतात. वॉचमननं बाटली पाहिली होती ती खरीच होती. तिच्यात साधं पाणी होतं. आपल्याच घरचं पाणी असं चोरून पिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

हे त्या दिवशी परत ताटावर बसले नाहीत. रात्री पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला तर म्हणाले, "तो आत ठेव." फार लागलं होतं त्यांना. माझ्या नवऱ्याला मी पुष्कळ हसते, पण त्या दिवशी नाही हसले.

मग प्रायश्चित्त म्हणून की काय, त्यांनी बर्फाचे ट्रे आणायला सुरुवात केली. जिथे जातील तिथून एक ट्रे. माशांच्या आकाराचा, ताऱ्यांचा, आणि रहाटणीच्या एका दुकानातून रबरासारखा मऊ, बदामाच्या आकाराचा. तो बघून काकू पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. "ह्यांनी जन्मात बदाम दिला न्हाई. साहेबांनी दिला." काका गोरेमोरे झाले. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या वाटीत बदामच पडायला लागले.

मीही जायला लागले. काका काकूंसाठी कायकाय करायचे. लिंबाचा थेंब घातलेला बर्फ, पुदिन्याचं पान अडकवलेला बर्फ, आल्याचा बर्फ. खडा जितका लहान तितका जास्त वेळा देता येतो म्हणून पुढे त्यांनी शेंगदाण्याएवढे खडे करणारा ट्रे शोधून काढला. दर वेळी वाटी पुढे करताना तेच ते, "चघळ. चावू नको." आणि काकू हटकून कडाकड चावायच्या. त्यांच्याकडे बघत चावायच्या.

"दात हायेत तवर चावते," मला म्हणायच्या. "बाई, तुम्हाला सांगते, गावाकडं हापशाखाली ओंजळ धरली ना की पोट गार होईस्तोवर प्यायची मी. आता हा माणूस मला थेंब मोजून घालतोय. सासूनं कधी असं केलं न्हाई."

"मग पी आणि जा वर," काका आतून म्हणायचे.

"जाऊ द्या की. अडवलंय कोणी? तुम्हीच अडवलंय."

हे असं रोज चालायचं. मला वाटायचं, भांडतायत तोवर बरं आहे.

गेल्या मे महिन्यात मात्र उन्हानं नको नको केलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसल्यासारखी घरं तापली होती. मी खाली गेले तर काकू भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसलेल्या. काका वाटी घेऊन समोर उकिडवे. त्या दिवशी काकू भांडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "एकदा भरून द्या. एकच पेला. खडा नको. पाणी."

काका म्हणाले, "उद्या मशीन हाय. आज न्हाई."

"उद्या नको. आत्ता तहान लागलीय."

काकांनी वाटीत एक खडा जास्त टाकला. काकूंनी वाटी सरकवून दिली. खडे फरशीवर पडले आणि आम्ही तिघंही ते विरघळताना बघत बसलो. मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

दोन दिवसांनी काका अंघोळीला गेलेत असं समजून काकू बेसिनच्या नळाला तोंड लावून प्यायल्या. काका गेलेले नव्हते. त्यांचा आवाज आम्हाला वरती ऐकू आला. इतक्या वर्षांत ह्या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "मरायचंय तुला? मला एकटा टाकायचंय?" असं काहीतरी ओरडत होते. मग नळ बंद केल्याचा आवाज. त्या दिवसापासून त्यांनी बेसिनच्या नळाचं पाणी खालच्या कॉकनंच बंद करून टाकलं. स्वतःही हात मोरीत बादलीवर धुवायचे.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं. छातीत पाणी वगैरे काही नव्हतं. पथ्य उत्तम पाळलं होतं, असंही म्हणाले. ते चांगल्या मनानं म्हणाले, पण नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

मुलगी सुनीता हैदराबादला. ती पोचायला रात्र होणार. चिखलीचे चुलतभाऊ आले, त्यांनी व्यवस्था हातात घेतली. ऊन होतं. ते फोनवर बर्फाच्या लाद्या सांगायला लागले, सगळीकडे सांगतात तसं. काका कोपऱ्यात बसून होते, ते एकदम उठले.

"बर्फ न्हाई आणायचा."

"अरे दादा, सुनी येईस्तोवर ठेवायला लागंल ना?"

"न्हाई म्हटलं ना. चार वर्षं तिच्या तोंडात बर्फच घातलाय मी. आता अंगाखाली तरी नको." त्यांनी भावाच्या हातातला फोन घेऊन बंद केला. ज्या माणसानं लिफ्टच्या मोटरला बर्फ लावला, माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बर्फ ठेवला, त्यानं बायकोसाठी बर्फाला नाही म्हटलं. आम्ही शेजाऱ्यांनी आपापले टेबलफॅन आणून लावले. सुनीता आली, आईला भेटली.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले. हॉलमधल्या फ्रीजचा प्लग काढून ठेवलेला, दार सताड उघडं, खाली पोतेरं. काका खुर्चीत.

"बाई," ते म्हणाले, "पाण्यानं गेली न्हाई ती."

"नाही, काका."

"मग मे महिन्यात एक पेला मागत होती, तो दिला असता तर?"

मी शिक्षकी आवाजात सांगायला गेले, की दिला असता तर दम लागला असता, दवाखान्यात न्यावं लागलं असतं, तुम्ही दिला नाहीत म्हणून तर इतकी वर्षं—

"दम लागला असता," काका म्हणाले. "पण प्यायली असती."

त्यांचं चुकलं नव्हतं हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि त्यानं काडीचाही फरक पडत नाही.

जलदानाचा विधी खाली पार्किंगमध्येच झाला. सतरंज्या टाकल्या होत्या. टेबलावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या, काकूंचा फोटो. आमचे हे पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत, पण त्या दिवशी तोंडातून चकार शब्द नाही. ह्या लोकांत गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी ओततात. घरच्यांनी बसायचं, भंतेजी गाथा म्हणतात, आणि तांब्यातून खालच्या भांड्यात पाण्याची धार सोडायची, भांडं भरून वाहीपर्यंत. मी हे पहिल्यांदाच बघत होते.

काकांनी तांब्या धरला. सुनीतानं त्यांच्या मनगटाला हात लावला. भंतेजींनी गाथा सुरू केली. काकांनी तांब्या कलता केला, बारीकशी धार पडली, भांड्याचा तळ झाकला, आणि त्यांनी हात सरळ केला. थांबले.

भंतेजी गाथा म्हणतच राहिले. हातानं खूण केली, ओता. काकांनी परत कलता केला. दोन घोटांएवढं पडलं. परत थांबले. सुनीता हळूच म्हणाली, "बाबा, सगळं ओतायचंय." त्यांना ऐकू गेलं असावं, पण हात काही पुढं जाईना. मागं कुणीतरी खोकलं. मग भंतेजींनी गाथा थांबवली आणि म्हणाले, "ओता, वाघमारे. भरू द्या. सांडू द्या."

काकांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. डॉक्टरकडे बघतात तसं.

"चालेल का तिला?"

भंतेजी तरुणच होते. त्यांना काकूंचं काही माहीत नव्हतं. ते क्षणभर गोंधळले. पण मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

काकांनी तांब्या ओतला. भांडं भरलं, काठावरून वाहायला लागलं, पांढरं कापड भिजलं, पाणी सतरंजीवर आलं. कुणी उठलं नाही, कुणी पुसायला गेलं नाही. काका भांड्यावर वाकले होते, आणि मी जवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

"हळू पी, कमल," ते म्हणत होते. "ठसका लागंल."